पुण्याच्या रोपवाटिकांतील सूचिपर्णी झाडे : घरच्या बागेसाठी कोणते घ्यावे

सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडून मांजरी, लोणी काळभोर, उरळी कांचनच्या दिशेने जाताना दोन्ही बाजूंना ज्या रोपवाटिका लागतात, त्यांच्या दर्शनी भागात सूचिपर्णी झाडे हमखास मांडलेली असतात. मोरपंखी, ख्रिसमस ट्री, ज्युनिपर, सोनेरी सायप्रस आणि पोडोकार्पस हे पाच प्रकार थोड्याफार फरकाने सर्वत्र मिळतात, आणि घराच्या फाटकाशी, गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत लावण्यासाठी लोक ते हौसेने विकत नेतात. ही पाचही झाडे मी स्वतः लावून पाहिली आहेत आणि ओळखीच्या बागांमधून त्यांची वाढ व मरही पाहिली आहे. त्या अनुभवावरून, पुणे आणि त्यासारख्या हवामानाच्या गावांत राहणाऱ्या वाचकांसाठी हे परीक्षण लिहीत आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. घरगुती बागेसाठी या पाचांत पोडोकार्पस सर्वांत भरवशाचे आहे आणि साधी मोरपंखी त्याच्या खालोखाल. ज्युनिपर उत्तम, पण पाणी देण्याचा हात आवरता येत असेल तरच. ख्रिसमस ट्री कुंडीत छान, जमिनीत मात्र मोकळे आवार असलेल्यांनीच लावावे. सोनेरी सायप्रस हे आपल्याकडे हिवाळी हंगामाचे झाड आहे आणि ते तसेच समजून घ्यावे. गिऱ्हाईक बहुधा याच्या नेमक्या उलट क्रमाने झाडे निवडते, कारण पिशवीतल्या रोपाचे रूप पाहून निवड होते. मूळ, माती आणि पूर्ण वाढीचा आकार यांचा विचार मागे राहतो.

हा विचार आपल्याकडे अधिक काटेकोरपणे करावा लागतो, याचे कारण भूगोलात आहे. महाराष्ट्रात निसर्गतः वाढणारे एकही सूचिपर्णी झाड नाही. दक्षिण भारताचे म्हणावे असे एकच सूचिपर्णी झाड आहे, नागेया वालिचियाना, आणि तेही पश्चिम घाटाच्या पार दक्षिणेकडील दमट, सदाहरित जंगलांत सापडते. बाकी भारतातील सूचिपर्णी वने हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत आहेत. म्हणजे रोपवाटिकेत दिसणारे प्रत्येक सूचिपर्णी रोप हे आपल्या काळ्या मातीसाठी, एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हासाठी आणि जुलै-ऑगस्टच्या सततच्या ओलीसाठी परके आहे. त्यांतले कोणते हे तिन्ही सोसते, हाच निवडीचा खरा प्रश्न.

एक गैरसमज इथेच दूर करावा. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूची बने आणि पाचगणीच्या रस्त्यांवरील सिल्व्हर ओक यांना अनेक जण सूचिपर्णी समजतात. ती दोन्ही ऑस्ट्रेलियाकडून आलेली सपुष्प झाडे आहेत. सायकसही सूचिपर्णी नाही, तो वेगळ्या गटातला आहे. काही रोपवाटिकांत या सर्वांची मांडणी एकाच ओळीत असते आणि विक्रेता सर्वांनाच एक निगा सांगतो, म्हणून हा उल्लेख केला.

मोरपंखीपासून सुरुवात करू. तिचे शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस. रोपवाटिकांत तिला अजूनही थुजा म्हणतात, कारण पूर्वी तिची गणना त्याच वंशात होत असे. आज ती स्वतंत्र वंशातली एकमेव जाती मानली जाते. मूळची ती चीन, कोरिया आणि रशियाच्या अतिपूर्वेकडची. चीनच्या ज्या भागांत ती वाढते तिथे उन्हाळा कडक आणि हिवाळा कोरडा असतो, त्यामुळे कोरडेपणा आणि चुनखडीयुक्त माती या दोन्ही गोष्टी ती बऱ्यापैकी सहन करते. पुण्याच्या बोअरच्या जड पाण्यावरही ती तग धरते, हा तिचा फार मोठा गुण आहे. शाळेच्या वह्यापुस्तकांत विद्या म्हणून जिची डहाळी आपण जपून ठेवली, ती हीच. तिच्या पर्णशाखा पंख्यासारख्या चपट्या असतात आणि उभ्या पातळीत रचलेल्या असतात. कोवळी फळे निळसर, राखाडी झाक असलेली आणि त्यांच्या खवल्यांना वाकडे टोक असलेली. एवढ्या खुणांवरून ती ओळखता येते.

बाजारात तिचे दोन मुख्य प्रकार मिळतात. एक साधी हिरवी, सरळ उंच जाणारी; दुसरी अंड्याच्या आकाराची, बुटकी आणि सोनेरी हिरवी. गच्चीवरच्या कुंडीसाठी बुटकी घ्यावी, कुंपणासाठी साधी. कुंपण करायचे असेल तर दोन रोपांत अडीच ते तीन फूट अंतर ठेवावे. लवकर दाट दिसावे म्हणून फूट-फूट अंतरावर लावलेल्या रांगा काही वर्षांत आतून वाळतात, कारण मोरपंखीला आतपर्यंत ऊन लागते आणि वारा खेळता लागतो. जोडीनेच लावली तर घराला शुभ, असे सांगून दोन-दोन रोपे विकण्याची पद्धत आहे. ज्याची श्रद्धा असेल त्याने जोडी जरूर लावावी, पण एकट्या मोरपंखीच्या वाढीत काही उणे राहत नाही.

तिचा दोषही सांगितला पाहिजे. सावलीत ती विरळ होते, खालून उघडी पडते आणि एकदा उघडी पडलेली बाजू पुन्हा भरत नाही. इमारतीच्या उत्तरेकडील, दिवसभर सावलीत असणाऱ्या पट्ट्यात लावलेल्या मोरपंखी मी अनेक सोसायट्यांत पाहिल्या आहेत. झाड जिवंत असते, पण पाहवत नाही. अशा जागी पोडोकार्पस लावावे.

ख्रिसमस ट्री या नावाने जे विकले जाते ते अराउकेरिया. आपल्याकडे त्याच्या मुख्यतः दोन जाती मिळतात आणि रोपवाटिकेच्या पाटीवर त्यांतला फरक जवळजवळ कधीच लिहिलेला नसतो. पहिली अराउकेरिया हेटेरोफिला, जी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या दरम्यानच्या नॉरफोक बेटावरची. दुसरी अराउकेरिया कॉलम्नारिस, जी न्यू कॅलेडोनियाची. कॅप्टन कुक १७७४ साली आपल्या दुसऱ्या सफरीत या दोन्ही बेटांवर पोहोचला आणि युरोपला या झाडांची ओळख झाली. लहानपणी दोन्ही रोपे इतकी सारखी दिसतात की अनुभवी माळ्यालाही सांगता येत नाही, आणि पहिल्या नावाने दुसरीच जात अनेकदा हाती येते. मोठेपणी फरक उघड होतो. कॉलम्नारिस खांबासारखी अरुंद वाढते आणि तिचे खोड कलते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतील २५६ झाडे मोजली गेली, आणि ती विषुववृत्ताच्या दिशेने कललेली आढळली. कल सरासरी साडेआठ अंशांचा होता. उत्तर गोलार्धात याचा अर्थ दक्षिणेकडे. त्यामुळे हे झाड जमिनीत लावायचेच असेल, तर त्याच्या दक्षिणेला घर, शेजाऱ्याची भिंत किंवा विजेच्या तारा नाहीत हे आधी पाहावे. ही गोष्ट मला कोणत्याही विक्रेत्याने सांगितलेली नाही. मी ती मुद्दाम इथे नोंदवतो, कारण झाड कलायला लागल्यावर ते सरळ करण्याचा उपाय नाही.

उंचीचा प्रश्न त्याहून मोठा आहे. आपल्या मूळ बेटांवर या दोन्ही जाती ५० मीटरच्या पुढे जातात. आपल्याकडे तेवढी उंची गाठली नाही, तरी बंगल्याच्या छपरावर मान काढायला झाडाला फार वर्षे लागत नाहीत. दोन फुटी रोप फाटकाशी हौसेने लावले जाते, आणि पुढे ते तारांना भिडले की शेंडा छाटण्याची वेळ येते. अराउकेरियाचा शेंडा एकदा तोडला की त्याचा तो मजल्यामजल्यांचा प्रमाणबद्ध आकार कायमचा जातो. पूर्ण झाड काढायचे म्हटले, तर शहरात ते आपल्या मर्जीने काढता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, आणि ती घ्यावी लागते हे योग्यच आहे. म्हणूनच लहान आवार असलेल्या घरमालकाने हे झाड जमिनीत न लावणे, हाच झाडाचा आणि स्वतःचाही मान राखण्याचा मार्ग आहे.

कुंडीत मात्र अराउकेरिया फार देखणे राहते. कुंडीत मुळे आखडल्यामुळे वाढ मंदावते आणि बरीच वर्षे ते माणसाच्या उंचीच्या आसपास ठेवता येते. त्याला सकाळचे ऊन, दुपारची विरळ सावली आणि सर्व बाजूंनी सारखा उजेड लागतो. म्हणून कुंडी अधूनमधून फिरवावी. बैठकीच्या खोलीत कायम ठेवल्यास फांद्या लांब, लोंबत्या होतात आणि खालच्या फांद्या गळू लागतात. गळलेल्या फांदीच्या जागी नवी येत नाही, हे या झाडाच्या बाबतीत पक्के लक्षात ठेवावे. नाताळात आठवडा-दहा दिवस घरात आणावे आणि पुन्हा बाहेर न्यावे. गोव्यात आणि वसईकडे अंगणातलेच झाड सजवण्याची रीत आहे; ती झाडाच्या दृष्टीने उत्तम. डिसेंबरात काही ठिकाणी पांढरा किंवा चंदेरी रंग फवारलेली रोपे विक्रीला येतात, ती घेऊ नयेत. रंगाखाली पानांची छिद्रे बुजतात आणि रोप हळूहळू खंगते.

खरेदी करताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एका पिशवीत तीन-चार रोपे एकत्र लावून झाड दाट भासवले जाते. बुंध्याशी बोटाने माती सारून खोडे मोजावीत. आणि रोपाचा शेंडा स्पष्ट उभा आहे का, हे पाहावे. बाजूच्या फांदीच्या कलमापासून तयार केलेले अराउकेरिया जन्मभर आडवेच वाढत राहते. काठीला बांधूनही ते सरळ झाड होत नाही.

सोनेरी सायप्रसविषयी फार लिहावे असे नाही. पोपटी सोनेरी रंगाचे, निमुळते आणि पाने चुरगळली की लिंबासारखा वास येणारे हे रोप डिसेंबर-जानेवारीत रोपवाटिकेत सर्वांत आधी नजर वेधून घेते. ते कप्रेसस मॅक्रोकार्पा या कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे किनाऱ्यावरील झाडाचे निवडक वाण आहे. तिथला उन्हाळा समुद्रावरून येणाऱ्या थंड धुक्याचा, आपला उन्हाळा दख्खनच्या तापलेल्या पठाराचा. जानेवारीत तजेलदार दिसणारे रोप मार्चअखेर खालून तपकिरी व्हायला लागते, आणि उन्हाळा त्याने काढलाच तर पावसाळ्यात मुळे सडतात. शेवंती किंवा पिटुनियासारखे हंगामी म्हणून घेतले, तर तीन महिने ते दारात खरोखर शोभते आणि पैसे वाया गेले असे वाटत नाही. पण बारमाही झाड म्हणून, बारमाही झाडाच्या किमतीला ते विकणे हा ग्राहकावर अन्याय आहे. महाबळेश्वरसारख्या उंच, थंड जागी त्याचे नशीब थोडे बरे असते. तिथेही पावसाचे पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावरच लावावे.

ज्युनिपर हे अभ्यासू बागकाम करणाऱ्याचे झाड आहे. आपल्याकडे मुख्यतः ज्युनिपेरस चायनेन्सिसचे पीळदार फांद्यांचे कैझुका हे वाण आणि जमिनीलगत पसरणारे काही प्रकार मिळतात. बोन्सायसाठी ज्युनिपरला फार मागणी असते, कारण त्याची फांदी तारेने वळते आणि वळलेली राहते. दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन मिळत असेल तरच ते घ्यावे. पुण्याच्या उन्हाची त्याला विशेष भीती नाही. त्याला भीती आहे ती ओल्या मुळांची. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली किंवा सज्जाखाली, पण उजेडात सरकवता आली पाहिजे. ज्यांच्या घरी दोन-तीन माणसे आळीपाळीने झाडांना पाणी घालतात, त्या घरी ज्युनिपर टिकत नाही, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.

ज्युनिपर मरण्याची रीतच अशी आहे की माणूस गाफील राहतो. सूचिपर्णी झाडांची पाने जाड आणि मेणचट आवरणाची असतात, त्यांतून पाणी फार सावकाश उडते. कापून आणलेले ख्रिसमस ट्री युरोप-अमेरिकेतल्या घरांत आठवडेच्या आठवडे हिरवे राहते, ते याच गुणामुळे. हाच गुण कुंडीत घातक ठरतो: मुळे सडून गेलेली असतात आणि वर झाड हिरवेगार दिसत राहते. पाने तपकिरी पडतात तेव्हा मालक पाणी वाढवतो, आणि उरलेली मुळेही जातात. म्हणून या झाडांच्या बाबतीत पानांकडे पाहून पाणी देऊ नये. बोट मातीत खुपसून पाहावे, वरची दोन इंच माती कोरडी झालेली असेल तरच द्यावे, आणि द्यायचे तेव्हा कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत भरपूर द्यावे. झाड जिवंत आहे की नाही अशी शंका आली, तर खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. आत ओला हिरवा थर दिसला तर आशा आहे.

आता पोडोकार्पसकडे येतो. रोपवाटिकेत हे झाड बहुधा मागच्या ओळीत असते, कारण लोकांच्या मनातल्या सूचिपर्णी झाडासारखे ते दिसतच नाही. त्याची पाने सुईसारखी किंवा खवल्यांसारखी नसून लांबट, चपट्या पट्टीसारखी, गडद हिरवी आणि चिवट असतात. पोडोकार्पस मॅक्रोफिलस या प्रचलित जातीत ती बोटभर लांबीची असतात. मूळचे ते जपान आणि चीनच्या दक्षिण भागातले, जिथे उन्हाळा उष्ण, दमट आणि पावसाचा असतो. आपल्या पावसाळ्याशी जुळणारे हवामान ज्या मोजक्या सूचिपर्णी झाडांच्या रक्तात आहे, त्यांत हे एक. जपानमध्ये घराभोवतीच्या कुंपणासाठी ते फार जुन्या काळापासून वापरले जाते.

त्याच्या गुणांत छाटणी सोसण्याची ताकद मी सर्वांत वर ठेवतो. मोरपंखी, ज्युनिपर आणि सायप्रस यांची फांदी हिरव्या भागाच्या मागे, उघड्या लाकडापर्यंत कापली तर तिथून पुन्हा फूट येत नाही. कात्री एकदा चुकली की भगदाड कायम राहते. पोडोकार्पस मात्र जुन्या लाकडातूनही फुटते. त्यामुळे ते हव्या त्या उंचीवर, हव्या त्या रुंदीत राखता येते, भिंतीलगत अरुंद पट्ट्यात बसवता येते, आणि एखाद्या वर्षी छाटणी राहून गेली तरी पुढच्या वर्षी आकारात आणता येते. ते अर्धवट सावलीत दाट राहते. लाल कोळी या पानांतला रस शोषणाऱ्या बारीक किडीचा त्रास त्याला मोरपंखी किंवा ज्युनिपरइतका होत नाही. समुद्राकडचा खारा वाराही ते सहन करते, त्यामुळे मुंबई, रत्नागिरी, गोवा इथल्या बागांनाही ते उपयोगी आहे.

उणिवा दोन आहेत. एक, वाढ संथ असते. वर्षाकाठी वीतभर वाढले तरी पुष्कळ. उंच कुंपण लगेच हवे असणाऱ्यांनी मोठी रोपे घ्यावीत, आणि ती मोरपंखीपेक्षा बरीच महाग पडतात. दुसरी, पाणी साचणाऱ्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत त्याची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. माती बदलली, निचरा सुधारला आणि चिलेटेड, म्हणजे मुळांना सहज शोषता येणाऱ्या रूपातल्या, लोहाची मात्रा दिली, की नवी पाने पुन्हा गडद येतात. त्याच्या बिया पोटात जाणे चांगले नाही. लहान मुले आणि कुत्री असलेल्या घरात मादी झाडाला बी धरले तर ते काढून टाकावे.

हिमाचल-उत्तराखंडच्या सहलीवरून देवदाराची किंवा चिडाची रोपे आणणाऱ्यांना एवढेच सांगेन की देवदार पश्चिम हिमालयात साधारण १५०० मीटरच्या वर वाढतो आणि त्याला थंड हिवाळ्याची विश्रांती लागते. ती विश्रांती पुण्यात कुठूनही मिळत नाही. तीच गोष्ट ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या निळ्या स्प्रूसच्या बियांची. ते झाड अमेरिकेतील रॉकी पर्वतांचे आहे. पाकिटावरचे निळे चित्र आपल्या गच्चीवर उतरणार नाही.

झाडांइतकेच परीक्षण विक्रीचेही व्हायला हवे, आणि इथे मी समाधानी नाही. सूचिपर्णी रोपांच्या पाट्यांवर फक्त ख्रिसमस ट्री, थुजा, जुनिपर एवढेच लिहिलेले असते. जात नाही, वाण नाही, पूर्ण वाढीचा आकार नाही. बुटके हा शब्द तर सैलपणे वापरला जातो. अमेरिकन कोनिफर सोसायटीने यासाठी वाढीच्या वेगावर आधारलेली सरळ वर्गवारी केली आहे: वर्षाला एक इंचापेक्षा कमी वाढणारे ते अतिबुटके, एक ते सहा इंच वाढणारे बुटके, सहा ते बारा इंच मध्यम, आणि त्यापुढचे मोठे. बुटके म्हणजे कायम लहान राहणारे नव्हे, सावकाश वाढणारे, एवढी एक गोष्ट पाटीवर लिहिली तरी ग्राहकाला निवड करणे फार सोपे जाईल. हवेचे तापमान वेगळे असल्याने आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण क्रम तोच राहतो.

दुसरी तक्रार मुळांच्या गोळ्याची. आपल्याकडे विकली जाणारी पुष्कळ रोपे आंध्र प्रदेशातील कडियम परिसरातून येतात आणि चिकट मातीच्या गोळ्यासकट पिशवीत भरलेली असतात. प्रवासात मुळे सुरक्षित राहावीत म्हणून ते ठीकच आहे. पण हा गोळा तसाच भुसभुशीत मिश्रणात लावला की दिलेले पाणी भोवतीच्या मोकळ्या मातीतून निघून जाते आणि गोळ्याचा गाभा कोरडा राहतो, किंवा उलट, एकदा भिजला की वाळतच नाही. एका रोपवाटिकेतून आणलेल्या महागड्या ज्युनिपरचा गोळा मी उघडला, तेव्हा मुळे आतल्या आत वेटोळी घालून बसलेली होती आणि बाहेरच्या मातीत एकही गेलेले नव्हते. विकण्यापूर्वी ही गोष्ट ग्राहकाला सांगणे विक्रेत्याचे काम आहे. ग्राहकाने रोप बुंध्याशी धरून हलकेच हलवून पाहावे. ते पिशवीत डुगडुगत असेल तर नुकतेच बसवलेले आहे, घेऊ नये. पिशवीच्या तळातून जाड मुळे बाहेर आलेली असतील तरीही नको. फांदी पांढऱ्या कागदावर झटकावी. हलणारे लालसर ठिपके दिसले तर तो लाल कोळी आहे. आतल्या बाजूची जुनी पाने तपकिरी असणे स्वाभाविक आहे, पण टोकाची पाने तपकिरी असतील तर ते रोप आजारी आहे.

खरेदीचा काळ जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत, किंवा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर. फेब्रुवारी ते मे या काळात सूचिपर्णी रोप विकत घेणे टाळावे. पावसाळ्यात लावताना चिकट गोळ्याची बाहेरची माती बोटांनी हळूहळू सैल करावी, वेटोळी मुळे मोकळी करावीत, आणि गोळा फोडून मुळे उघडी मात्र करू नयेत. अराउकेरियाची मुळे तर शक्य तितकी कमी हाताळावीत.

कुंडीसाठी मी लाल माती, जाडी वाळू किंवा विटांचा चुरा, कोकोपीट आणि चांगले कुजलेले शेणखत जवळपास सारख्या प्रमाणात घेतो. ज्युनिपरसाठी शेणखत निम्मे आणि चुरा जास्त. जमिनीत काळी माती असेल तर खड्डा खोल करून त्यात भर घालण्यापेक्षा दीड फूट उंचीचा वरंबा करून त्यावर झाड लावावे, कारण काळ्या मातीतला खोल खड्डा पावसाळ्यात हौद होतो. बुंधा मातीत गाडू नये. रोपवाटिकेत तो जिथपर्यंत होता तिथपर्यंतच राहू द्यावा. आळ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. ही झाडे कमी खाणारी आहेत. पावसाच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात ओंजळभर गांडूळखत व थोडी निंबोळी पेंड पुरे होते. युरिया घातलेली मोरपंखी आठवड्याभरात टोकांना करपलेली मी पाहिली आहे.

फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून दोनदा सकाळी पाइपने पाने आतल्या बाजूपर्यंत धुवावीत. शहराची धूळ निघते आणि कोरड्या हवेत फोफावणारा लाल कोळीही आटोक्यात राहतो. या एका कामाने जेवढी मोरपंखी आणि ज्युनिपर वाचतात, तेवढी औषधांनी वाचत नाहीत. त्यातूनही कोळी वाढलाच तर निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा, भर उन्हात नाही.

विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांनी यादी आणखी लहान करावी. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. तिथे मोरपंखी जमिनीत, पूर्वेकडचे ऊन मिळेल अशा जागी टिकते आणि पोडोकार्पसला दुपारची सावली लागते, बाकी तीन घेऊच नयेत. कोकणात आणि गोव्यात याउलट मोरपंखी अतिपावसाने कंटाळते. तिथे कुंपणाला पोडोकार्पस आणि मोकळ्या आवारात अराउकेरिया घ्यावे. नॉरफोक बेटाचे हे झाड खाऱ्या वाऱ्यातच वाढलेले आहे, आणि सिडनीच्या मॅन्ली किनाऱ्यावर त्याच्या रांगा लावलेल्या आहेत त्या याच कारणाने.